'खाडी' या शब्दाची हद्द: उपसागर, आखात, नदीमुख आणि खाजण

मसुदालेखिका यांचा प्रश्न

किनाऱ्यावरच्या एका गावाजवळ होणाऱ्या प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक अहवालाचा मराठी सारांश जनसुनावणीपूर्वी ग्रामपंचायतीत ठेवायचा आहे, आणि आधी झालेला अनुवाद तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ इंग्रजी मजकुरात किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी पाच-सहा निरनिराळे शब्द आलेले आहेत, अनुवादात मात्र त्या सर्वांच्या जागी सरसकट 'खाडी' हा एकच शब्द बसवलेला आहे. त्यामुळे गावासमोरचा समुद्राचा अर्धगोलाकार भाग ही खाडी झाली आहे, गावाच्या उत्तरेला समुद्राला मिळणाऱ्या नदीचे तोंड ही खाडी झाली आहे, खारफुटीतून आत शिरलेला चिंचोळा फाटा हीसुद्धा खाडीच आहे, आणि हवामानाच्या प्रकरणात तर 'बंगालच्या खाडीतील चक्रीवादळे' अवतरली आहेत. शेवटचा प्रयोग चुकीचा आहे हे मला कळते. बाकीच्या ठिकाणी काय ठेवावे आणि काय बदलावे याबद्दल मात्र मी साशंक आहे.

माझी खरी अडचण एका वाक्यापाशी आहे. अहवाल म्हणतो की प्रकल्पाच्या जागेपासून खाडी दोन किलोमीटर अंतरावर आहे. गावकऱ्यांचे म्हणणे असे की खाडी त्यांच्या कुंपणाला लागून आहे आणि उधाणाला तिचे पाणी परसापर्यंत येते. दोघेही एकाच नदीबद्दल बोलत आहेत. तेव्हा मराठीत खाडी म्हणजे फक्त नदीचे मुख, की मुखापासून आतपर्यंतचा सगळा पट्टा? आणि आतपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? कोश पाहिले, पण कोशात समुद्राचा जमिनीत शिरलेला भाग अशा आशयाच्या एका ओळीपलीकडे फारसे हाती लागत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणि भूगोल शिकवणाऱ्यांनी कृपया प्रकाश टाकावा.

शब्दपारखी यांचे उत्तर

बंगालच्या खाडीचा उगम हिंदीत आहे, हे प्रथम नोंदवतो. हिंदीत 'खाड़ी' हा शब्द फार ऐसपैस आहे: बंगाल की खाड़ी, फ़ारस की खाड़ी, खाड़ी देश, खाड़ी युद्ध. वीस लाख चौरस किलोमीटरांहून मोठा जलविस्तारही तिथे खाडीच असतो. मराठीने ही तीन कामे तीन शब्दांना वाटून दिलेली आहेत. मोठा, रुंद तोंडाचा तो उपसागर, म्हणून बंगालचा उपसागर आणि हडसनचा उपसागर. जमिनीने तीन बाजूंनी वेढलेले, आत खोलवर गेलेले ते आखात, म्हणून इराणचे आखात, कच्छचे आखात, खंबातचे आखात, मन्नारचे आखात. आणि त्याहून पुष्कळ लहान, नदीच्या अंगाची ती खाडी. १९९०-९१ मध्ये आपली वर्तमानपत्रे 'आखाती युद्ध' असेच छापत होती आणि दुबईला नोकरीला गेलेला माणूस आजही 'आखातात' असतो. त्याला 'खाडीत' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला तो चिखलात कालवे काढायला गेला आहे असेच वाटेल.

या बाबतीत आपली जवळीक हिंदीपेक्षा गुजरातीशी आहे. गुजरातीतही कच्छचा आणि खंबातचा 'अखात'च असतो, बंगालचा 'उपसागर'च असतो आणि 'खाडी' लहान असते. दोन्ही प्रदेशांना लांब समुद्रकिनारा आहे आणि दोन्हीकडे हे शब्द वापरणारे लोक रोज ते पाणी पाहत आले आहेत, हे याचे कारण असावे असे मला वाटते. वृत्तवाहिन्यांच्या मराठी बातम्यांत गेल्या काही वर्षांत 'बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा' हे वाक्य वारंवार दिसू लागले आहे, ते हिंदी मजकुरावरून घाईघाईने केलेल्या भाषांतराचे फळ आहे. अशा वेळी भाषा बदलतेच, असे सांगून गप्प बसणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही, कारण या बदलात आपल्या हातचा एक नेमका शब्द सैल पडतो.

शब्दांची ही वाटणी एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर मुंबईतील माहीम पाहावे. वांद्रे आणि वरळी यांच्यामधला, ज्यावरून २००९ मध्ये सागरी सेतू सुरू झाला तो उघडा भाग म्हणजे माहीमचा उपसागर. आणि मिठी नदी ज्या चिखलाळ, खारफुटीच्या पट्ट्यातून येऊन त्याला मिळते ती माहीमची खाडी. दोन्ही पाणी एकमेकांना लागून आहे, तरीही दोघांची नावे वेगळी आहेत. यावरून असे दिसते की आकार हा फरकाचा एक भाग आहे, परंतु मुख्य भाग नाही. खाडीचे पाणी दोन काठांच्या मधले असते, उपसागराला मात्र एकच काठ असतो आणि समोर सगळा समुद्र असतो.

आपल्या गावासमोरच्या अर्धगोलाकार भागाला म्हणूनच खाडी म्हणू नये. त्याला शास्त्रीय मजकुरात 'लहान उपसागर' म्हणावे लागेल, जरी गावात तसे कोणी म्हणत नसले तरी. दक्षिण मुंबईत तर आपण भाषांतराच्या भानगडीत न पडता 'बॅक बे' हेच नाव कायम ठेवले आहे.

वाशिष्ठीकाठ यांचे उत्तर

माझे गाव दाभोळच्या खाडीवर, मुखापासून बरेच आत आहे, त्यामुळे या शब्दाबद्दल थोडे अधिकाराने लिहितो.

आमच्याकडे खाडी कुठे संपते याची कसोटी एकच: भरती लागते तिथपर्यंत खाडी. पाणी खारट आहे का, पात्र रुंद आहे का, समुद्र दिसतो का, या गोष्टी त्यानंतरच्या. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते, काठावरच्या चिखलावर त्याची ओली रेघ राहते, आणि ती रेघ जिथे संपते तिथून वर नदी. वाशिष्ठी हे नदीचे नाव, दाभोळ हे खाडीचे. चिपळूणच्या वरच्या अंगाला वाशिष्ठीला खाडी म्हणणारा माणूस सापडणार नाही, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसलेला प्रवासी आपण वाशिष्ठी ओलांडत आहोत असे म्हणणार नाही. तो खाडी ओलांडत असतो. एके काळी गलबते दाभोळहून आत थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या बंदरापर्यंत येत असत, ती भरतीच्या बळावरच.

हे दुहेरी नामकरण सबंध कोकणात आहे आणि शब्दाचा अर्थ समजण्यासाठी ते फार उपयोगी पडते. सावित्रीची खाडी बाणकोटची, शास्त्रीची जयगडची, मुचकुंदीची पूर्णगडची, कुंडलिकेची रेवदंड्याची, वैतरणेची दातिवऱ्याची. नदीला नाव डोंगराकडून मिळाले आहे आणि खाडीला तोंडावरच्या बंदराकडून किंवा किल्ल्याकडून, कारण खाडीची ओळख ठरवणारी माणसे समुद्रातून आत येत होती. राजापूरचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. सतराव्या शतकात जिथे इंग्रजांची वखार होती त्या राजापुरापर्यंत खाडीतून माल येत असे. पुढे गाळ साचत गेला, मोठी गलबते खाली जैतापूरलाच थांबू लागली, आणि आज त्याच पाण्याला कोणी राजापूरची खाडी म्हणते, तर कोणी जैतापूरची.

भरतीचा हिशेब खाडीकाठी घड्याळावर नव्हे, तिथीवर चालत आला आहे. तिथीच्या अंकाला पाऊण तासाने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. मुंबईच्या किनाऱ्यावर हा आडाखा बराच जुळतो, दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे सरकते. पण हे झाले समुद्रावरचे गणित. खाडीत भरती आत चढायला वेळ घेते, त्यामुळे मुखाशी ओहोटी सुरू झालेली असताना आमच्या घाटावर पाणी अजून वाढतच असते. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आगेमागे येणाऱ्या लहान भरतीला भांग. खाडीची हद्दसुद्धा त्याप्रमाणे हलते; उधाणाचे पाणी जिथे पोहोचते तिथे भांगाचे पोहोचत नाही. तेव्हा खाडी कुठपर्यंत असे कोणी विचारले, तर जुनी माणसे उधाणाची जागा दाखवतात.

आपल्या प्रश्नातील गावकऱ्यांचे म्हणणे मला म्हणूनच सरळ वाटते. उधाणाचे पाणी परसाला लागत असेल, तर परसाशी खाडी आहे. अहवाल लिहिणाऱ्याने बहुधा समुद्राला मिळणारे तोंड गृहीत धरून अंतर मोजलेले आहे. आमच्याकडे त्या जागेला 'खाडीचे तोंड' किंवा 'मुख' असा वेगळा शब्दप्रयोग आहे, आणि तोंड दोन किलोमीटरवर आहे असे लिहिले असते तर वाद झालाच नसता.

मासेमारीच्या बोलीतही ही सीमा दिसते. 'दर्यावर जाणे' आणि 'खाडीत जाणे' हे दोन वेगळे उद्योग आहेत. होडी वेगळी, जाळे वेगळे, मासळी वेगळी. खाडीची मासळी म्हणजे बोय, शेंगटी, काळुंद्रे, जिताडा, निवट्या, चिखलातली चिंबोरी, खडकाला चिकटलेली कालवे आणि ओहोटीला वाळूतून काढायच्या तिसऱ्या. बाजारात कोळीण 'खाडीची कोळंबी आहे' असे सांगते, तेव्हा ती केवळ जागा सांगत नसते, चवही सांगत असते.

भूगोल-शिक्षक यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी बहुतांशी सहमत आहे, तरी एक पुस्ती जोडतो आणि एका ठिकाणी मतभेद नोंदवतो.

पुस्ती अशी की कोकणात इतक्या खाड्या का आहेत याला भूरचनेचे कारण आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरांहून अधिक खाली होती. पुढे बर्फ वितळून पातळी चढली, तेव्हा सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्यांच्या दऱ्यांची खालची टोके पाण्याखाली गेली. आजची खाडी म्हणजे अशी बुडालेली दरी, म्हणून ती लांब, वळणावळणाची आणि दोन्ही बाजूंना डोंगर असलेली असते. पूर्व किनाऱ्यावरच्या गोदावरी-कृष्णेसारख्या नद्या गाळाचे त्रिभुज प्रदेश बनवतात. त्यांच्या मुखाला आपण खाडी म्हणत नाही, जरी तिथे भरती आत शिरत असली तरी. म्हणजे भरतीची कसोटी आवश्यक आहे, पण ती एकटी पुरेशी नाही.

मतभेद असा. शाळेत आम्ही नदीच्या मुखाशी भरतीचे पाणी जिथवर आत येते त्या भागाला खाडी म्हणतात, असे शिकवतो, आणि वाशिष्ठीकाठ यांचे विवेचनही नदी गृहीत धरूनच आहे. ठाण्याची खाडी या व्याख्येत बसत नाही. तिला नाव घेण्याजोगी मोठी नदी मिळत नाही. उत्तरेकडे ठाण्याजवळ ती एका अरुंद पात्राने उल्हास नदीशी जोडलेली आहे इतकेच, आणि उल्हासचे पाणी मुख्यतः वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. ठाण्याची खाडी ही मुंबई बंदराच्या बाजूने आत आलेली समुद्राची शाखा आहे. तरीही तिला खाडी म्हणण्याबद्दल कोणाच्या मनात कधी शंका आलेली नाही. २०१५ मध्ये घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य 'ठाणे खाडी' याच नावाचे आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले तेही त्याच नावाने. याचा अर्थ मराठीतील खाडी या एका शब्दाखाली शास्त्राचे दोन प्रकार येतात: गोडे आणि खारे पाणी मिसळणारे नदीमुख, आणि नदीवाचूनची भरतीची शाखा. सामान्य लेखनात हे चालून जाते. अहवालात मात्र पहिल्यासाठी 'नदीमुख-खाडी' आणि दुसऱ्यासाठी नुसते 'खाडी' असे लिहावे, असे माझे मत आहे. शब्द जड आहे, मान्य. परंतु नदीमुखात पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होते आणि ठाण्यासारख्या खाडीत तसे सहजी होत नाही, आणि प्रकल्पाचे सांडपाणी कुठे सोडायचे या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

आता दोन फसव्या शब्दांविषयी. 'खाजण' हा शब्द क्रमिक पुस्तकांत वाळूच्या दांड्यामागे अडकलेल्या खाऱ्या सरोवरासाठी येतो, चिलिका हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हाच शब्द कोकणात भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या दलदलीच्या जमिनीसाठी वापरतात. एकाच सारांशात दोन्ही अर्थ आले, तर वाचक गोंधळणार हे ठरलेले. आपल्या गावात खाजण आहेच, म्हणून तो शब्द गावच्या अर्थाने राहू द्यावा आणि सरोवरासाठी 'खारकच्छ' घ्यावा. दुसरा शब्द बॅकवॉटर. केरळात तो किनाऱ्यालगतच्या कायलांसाठी, म्हणजे समुद्राशी जोडलेल्या सरोवरांसाठी आहे. महाराष्ट्रात बॅकवॉटर म्हटले की उजनी किंवा कोयना धरणाचा फुगवटा डोळ्यांसमोर येतो. 'पश्चजल' हा पारिभाषिक शब्द आहे, पण तो वाचून ग्रामपंचायतीत काही बोध होईल याची मला खात्री वाटत नाही. 'किनाऱ्यामागील खारे पाणी' असे सरळ लिहावे.

मांडवीतीर यांचे उत्तर

गोव्यातून थोडी वेगळी बाजू मांडतो. वरची भरतीची कसोटी लावली, तर पणजीसमोरची मांडवी ही खाडीच ठरते. तिथे भरती-ओहोटी आहे, पाणी खारे आहे, आणि उन्हाळ्यात खारेपणा बराच आत चढतो. तरीही मांडवीची खाडी असे इथे कोणी म्हणत नाही. मांडवी नदी, जुवारी नदी. कोकणीत 'न्हंय' म्हणतात आणि मराठीत लिहिणारेही तेच वळण राखतात. तेरेखोलच्या बाबतीत तर हद्द बदलली की शब्द बदलतो: महाराष्ट्राच्या बाजूला 'तेरेखोलची खाडी', गोव्याच्या बाजूला 'तेरेखोल नदी', पाणी एकच. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवेचा पट्टा भरतीचा आणि खारफुटीचा आहे, त्यात मगरीसुद्धा आहेत, पण त्याला आम्ही 'कालवा' म्हणतो.

वाशिष्ठीकाठ यांनी नावांचे जे कारण दिले त्याचीच ही दुसरी बाजू असावी. इथे नदीकाठी शेती आहे आणि भरतीचे पाणी हे बांध घालून थोपवायचे पाणी आहे. खाजण शेतीत बांधाला 'मानस' नावाचे दार असते. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलत उघडते. आत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पिकते, आणि दाराशी जाळे लावून मासळीही मिळते. भूगोल-शिक्षकांनी खाजण म्हणजे दलदलीची जमीन असे लिहिले आहे, त्यात एवढी भर घालावी की गोव्यात खाजण ही पिढ्यान्‌पिढ्या राखलेली, बांधाने सुरक्षित केलेली शेतजमीन आहे. दलदल म्हटले की सरकारी कागदावर ती पडीक ठरते आणि मग तिच्यावर भराव घालायला कोणाचा विरोध राहत नाही.

तेव्हा 'खाडी' हा शब्द सबंध किनाऱ्यावर सारख्याच अर्थाने चालतो असे गृहीत धरू नये. ज्या गावासाठी सारांश लिहायचा आहे त्या गावात लोक त्या पाण्याला काय म्हणतात, तेच प्रमाण मानावे.

मसुदालेखिका यांचा पुन्हा प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. समोरच्या भागासाठी 'लहान उपसागर', वादग्रस्त वाक्यात 'खाडीचे मुख', आणि खाजण गावच्या अर्थाने, एवढे मी पक्के केले आहे. आता एकच गोष्ट उरते. अहवालात किनारी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे खाडीची हद्द क्षारतेच्या आकड्यावर ठरवलेली आहे, भरतीवर नव्हे. गावकरी भरतीवर बोट ठेवतात आणि कायदा क्षारतेवर. या ठिकाणी 'खाडी' शब्द कोणत्या अर्थाने वापरावा?

भरतीरेषा यांचे उत्तर

किनारा नियमनाचे नकाशे पाहणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून या प्रकरणापुरते लिहितो.

१९९१ ची अधिसूचना २०११ मध्ये आणि पुढे २०१९ मध्ये नव्याने निघाली. या दोन्ही नव्या अधिसूचनांत 'भरतीचा प्रभाव असलेले जलाशय' अशा अर्थाचा एक व्यापक शब्दप्रयोग आहे, आणि त्याच्या पोटात उपसागर, नदीमुखे, नद्या, खाड्या, पश्चजले, खारकच्छ आणि समुद्राशी जोडलेली तळी अशी यादी दिलेली आहे. आपल्याकडच्या जुन्या अनुवादाची खरी गफलत इथे होते. यादीतल्या प्रत्येक शब्दाला खाडी म्हटले, तर 'खाडी, खाडी, नद्या, खाडी' असे वाक्य तयार होते, आणि आपले पाणी यादीत कुठे बसते हे वाचणाऱ्याला कळतच नाही. म्हणून या प्रकरणात व्यापक अर्थासाठी 'भरतीबाधित जलाशय' किंवा 'भरतीचे पाणी शिरणारे जलाशय' हा शब्द ठेवावा आणि खाडी हा शब्द यादीतील एका नोंदीपुरताच वापरावा.

हद्दीविषयी. भरतीचा प्रभाव कुठपर्यंत धरायचा हे ठरवण्यासाठी अधिसूचनेने वर्षातील सर्वांत कोरड्या काळात मोजलेली हजारी ५ भाग ही क्षारता ठरवली आहे. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजारी ३५ भागांच्या आसपास असते, म्हणजे समुद्राच्या एक-सप्तमांश खारटपणा जिथे आढळतो तिथपर्यंत हे नियम लागू होतात. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा जलाशयाच्या काठाने भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढी जमीन नियमनाखाली येत होती. २०१९ मध्ये १०० चे ५० मीटर झाले. उघड्या समुद्रासमोर हे अंतर ५०० मीटर आहे. समोरचे पाणी समुद्र, की खाडी, की उपसागर, हा प्रश्न त्यामुळे केवळ भाषेचा राहत नाही.

क्षारतेची मर्यादा आणि भरतीची मर्यादा एकच नसतात, हेही सारांशात सांगायला हवे. भरती आत येताना पुढे असलेले गोडे पाणी मागे रेटते. खारे पाणी न पोहोचलेल्या जागीही त्यामुळे पातळी चढते. वाशिष्ठीचेच उदाहरण घ्यावे. कोयना जलविद्युत प्रकल्पातून वीज तयार करून झाल्यावर बाहेर पडणारे पाणी वर्षभर वाशिष्ठीत येते. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) इतकी मर्यादा घातलेली आहे. इतर खाड्या उन्हाळ्यात खाऱ्या होत जातात, तेव्हा इथे वरून गोड्या पाण्याचा पुरवठा चालूच असतो, साहजिकच ५ भागांची रेषा मुखाकडे सरकते. भरतीचा फुगवटा मात्र त्या रेषेच्या पुष्कळ वरपर्यंत जाणवतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात महापूर आला, तेव्हा अतिवृष्टीबरोबरच भरतीमुळे पाण्याचा निचरा न झाल्याचे कारणही सांगितले गेले. क्षारतेच्या रेषेबाहेर असलेल्या घरात भरती पोहोचत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

म्हणून माझी सूचना अशी. लोकांसाठीच्या भागात खाडी हा शब्द भरतीच्या अर्थाने, म्हणजे गावकरी वापरतात तसाच राहू द्यावा. सीआरझेडच्या प्रकरणात 'नियमनासाठी निश्चित केलेली खाडीची हद्द' असा पूर्ण शब्दप्रयोग करावा आणि ती क्षारतेवर ठरलेली आहे हे त्याच वाक्यात सांगावे. वादग्रस्त वाक्य मी असे लिहीन: 'प्रकल्पाची जागा खाडीच्या मुखापासून दोन किलोमीटर आत असून, उधाणाच्या भरतीचे पाणी जागेच्या सीमेपर्यंत येते; नियमनासाठी निश्चित केलेली खाडीची हद्द मात्र क्षारतेवर ठरवलेली असून ती सोबतच्या नकाशात दाखवली आहे.' वाक्यातला मधला भाग अहवालात नसेल, तर तो आपण अनुवादात परस्पर घालू नये. अहवाल तयार करणाऱ्यांना लेखी विचारावे, आणि क्षारता कोणत्या महिन्यात व भरतीच्या कोणत्या वेळी मोजली हेही त्याच पत्रात विचारावे, कारण मोजणी पावसाळ्यानंतर लगेच झालेली असेल तर ती अधिसूचनेला धरून नाही.